चिमूटभर पावडर

नारायण पेठ, पुणे
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५, सकाळी सव्वासहा. दुकानात रात्री लावलेल्या दह्याची पातेली तिरकी करून पाहत होतो.

प्रिय सूरज,

तुझ्या दुधाचं दही सुरेख लागलं आहे. पातेलं तिरकं केलं तरी हलत नाही. सगळं मोरीत ओतलं आणि लिहायला बसलो. तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर समोरच्याला बोलू देत नाहीस.

श्रावणात हेच दही लागत नव्हतं. तू म्हणालास, तुझा हातच वाईट आहे, चेतन. मी बावळटासारखा रोज पातेली उकळत्या पाण्यातून काढत बसलो. गेल्या शुक्रवारी टपरीवर तूच दिमाखात उलगडा केलास. कास सुजलेल्या म्हशींना तू ॲन्टिबायोटिक टोचतोस, सूज उतरली की कोर्स अर्ध्यात सोडतोस, आणि त्या दिवसांचं दूध फेकायचं तर तेही विकतोस. त्या औषधाने विरजण मरतं, म्हणून आता चिमूटभर पावडर. ती दुधातलं औषध मोडून टाकते. तपासणीची पट्टी पास, दही घट्ट. वर माझ्याकडे टाळी मागितलीस. शेतकीची पदविका घेऊन माणूस एवढंच शिकत असेल, तर मी बारावीला आपटलो ते बरंच झालं.

रविवारी तुझ्या आबांजवळ दवाखान्यात बसलो होतो. तू मोबाइल चार्ज करायला गेला होतास, दोन तास. धार काढताना बोटाला गेलेली ती चीर, आणि आता उजवा हात कोपरापर्यंत सुजला आहे. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन चालू आहे, पण आतले जंतू बहुधा एक एन्झाइम तयार करतात आणि औषध कामाला लागायच्या आत त्याचे तुकडे करतात. मी पावडरीचं विचारलं, तुझं नाव न घेता. म्हणाले, तीही त्याच जातीची, जंतूंपासूनच काढलेली. म्हणजे तू जे पैसे मोजून आणतोस, ते आबांना बहुधा तुझ्याच गोठ्यात फुकट मिळालं.

डॉक्टरांनी तुला विचारलं होतं, जनावरांना कोणती औषधं दिली. तू म्हणालास, काही नाही, आमच्याकडे सगळं देशी. आबांनी तापात मान हलवली. "सूरज बगतो समदं," म्हणाले. त्यांचा अजून तुझ्यावर विश्वास आहे. तापात होतं असं.

आबांच्या जखमेच्या तपासणीचा रिपोर्ट गुरुवारी येईल. डॉक्टर तोवर थांबणार नाहीत. औषध आजच बदलायचं आहे, आणि तेही लागू पडलं नाही तर बोटं काढावी लागतील. जंतूंना कोणती औषधं सवयीची झाली आहेत ते कळलं, तर ती वगळता येतील. मी जाऊन सांगितलं असतं, तुझी परवानगी लागत नाही. पण नावं मला माहीत नाहीत, तुला आहेत. एवढ्यासाठीच तुला लिहितोय. वैरणीच्या खोलीमागे रिकाम्या बाटल्या टाकतोस, त्या लेबलांसकट पिशवीत भर आणि दहाच्या राऊंडला हजर राहा. तू आला नाहीस तर पावडरीचं मी सांगेन, आबांसमोर. हे पत्र तुझ्या गाडीवाल्याकडे देतोय. उद्यापासून दूध नको.

तुझाच (सवयीने),
चेतन

हिशेब: सात दिवसांचं दूध, तुला देणे ८,४०० रुपये. काल आबांच्या औषधांना भरले ६,५४०. बाकी १,८६०. ते आबांच्या उजव्या हातात देईन.