तिसरी वाटी

मुक्काम टिटवाळा, वैशाख वद्य पंचमी, शके १८१९

तीर्थस्वरूप विश्रामदादांच्या पायी धाकट्या राघोचा नमस्कार. वहिनींनाही सांगावा. ठाण्यातला गाठीचा ताप ओसरला, दुकानं उघडली, हे तुमच्या पत्रावरून कळलं. बरं झालं.

गाडीत बिऱ्हाड करून असं काय वाचतं, असं तुम्ही विचारता. तर मांडतो. कल्याणची खोली सोडली, तिचे महिन्याचे दोन रुपये सुटले. वैरण काय, बैल दारात बांधले तरी लागतेच. आसाला एरंडेल मात्र जास्त जातं आणि नाक्यावर टोल भरावा लागतो. सरपण वाटेत मिळतं, पाण्याला कोणी पैसे मागत नाही. दिव्याहून मीठ भरतो, मुरबाडात उतरवतो, येताना भात आणतो. पोट भरून थोडं मागे पडतं. पावसाळ्याचं तेवढं कशात बसत नाही. गाडीवरच्या चटया पाण्यात टिकायच्या नाहीत हे तुमचं म्हणणं खरं आहे.

मागच्या हिशेबातल्या तांदळावर तुम्ही बरोबर बोट ठेवलंत. माणसं दोन, त्यातलं एक आठ वर्षांचं, मग रात्रीला तीन वाट्या कशाला, बैलांना भात घालतोस काय, असं विचारलंत. दादा, तांदूळ गोदी मोजते. माणशी एक वाटी, हे तिला आईनेच शिकवलेलं.

तपासणीवाले आवडीला इस्पितळात घेऊन गेले तेव्हा मी गोदीला म्हणालो होतो, आई बरी झाली की येईल. पुढे तुम्ही नि मी खाडीवर जाऊन तिचं सगळं करून आलो. गोदीला मी ते अजून सांगितलेलं नाही. उद्या सांगू, उद्या सांगू, असंच चाललं. आळीत कोणीतरी बोलून गेलं असतं, म्हणून खोली सोडली. भाडं वाचतं हे मागाहून सुचलं. कुठल्याच गावात फार दिवस राहत नाही तेही त्यासाठीच.

गोदी आईच्या वाटणीचा भात झाकून ठेवायची. वाटेत भेटली तर उपाशी नको, म्हणायची. सकाळी ती बैलांना पाण्यावर नेते, तेवढ्यात मी तो मिठाशी खाऊन टाकायचो. चव कळत नाही. रडूही येत नाही, दादा. बैल जुंपतो, सोडतो, निजतो.

काल विहिरीवर तिने तिसरी वाटी भरली आणि परत पोत्यात ओतली. मी बघत होतो. तीच म्हणाली, "आता तीन नको, बाबा. शिळं उरतं नि तुलाच खावं लागतं."

तिला कधीपासून माहीत होतं, देव जाणे. ती तांदूळ धूत राहिली. मी चाकाला एरंडेल घालत बसलो, सकाळी घातलं होतं तरी. मग दोघं जेवलो. सकाळी भांडं रिकामं होतं.

आता फिरत राहण्याचं कारण उरलं नाही. पावसाच्या आत ठाण्याला येतो. वहिनींना म्हणावं, पोरीला जवळ घ्या. मला ते जमलं नाही.

मागचा हिशेब चुकला होता, तेवढा दुरुस्त करून घ्यावा. आम्ही दोघंच आहोत.

तुमचा
राघो