उलटं लागलेलं रीळ

चिखली, ता. १४ डिसेंबर १९४०

प्रिय कोकिळावन्संना रुख्मिणीवहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुमच्या नावामागे आता 'गं. भा.' लिहायचं म्हणतात. माझा हात धजत नाही, रागावू नका.

इथे बाजारात तंबू लागलाय. त्यात एका कुंभारणीचा बोलपट पाहिला. मोठ्या कंपनीचा नव्हे, चार मित्रांनी कुणाच्याशा परसात काढलेला म्हणे. नाच नाही, राजवाडा नाही; गाणं म्हणाल तर दळताना गुणगुणलेलं एक. पण त्या बाईनं काय काम केलंय! नवरा जातो. चाकाला बाईनं हात लावायचा नाही ही त्यांच्यातली रीत, म्हणून चाक पडून राहतं. शेवटी तीच ते फिरवते. पहिलं मडकं वाकडं झालं, तेव्हा आमच्या बाजूच्या बायका पुढे सरकून बघत होत्या.

घोटाळा एकच. यंत्रवाल्यानं रिळांची अदलाबदल केली. बाई आधी चाक फिरवून मोकळी, आणि नवरा गेल्याचं रडणं मागाहून! तुमचे दादा तंबूवाल्याशी भांडायला उठले. मीच सदरा धरून खाली बसवलं.

मला सारख्या तुम्ही आठवत होतात. महादेवराव गेल्यावर तुम्ही रडला नाहीत, याची ह्यांना फार काळजी वाटते. विधवेनं पानमळ्यात पाऊल टाकायचं नाही, ही तुमच्याकडची रीत. मग तिथे राहून करायचं काय? कायमच्या इकडे या. तुमच्यासाठी मागली खोली सारवून ठेवलीय. संक्रांतीनंतर हे न्यायला येतील.

माया आहेच, खुशाली कळवत जा.
तुमची वहिनी


वरवट बकाल, ता. ११ जानेवारी १९४१

ती. सौ. वहिनींच्या पायी कोकिळेचा दंडवत.

तुमचा तंबू संग्रामपूरला आला. शेजारच्या सुगराबीसोबत जाऊन पाहिला. तुम्ही कौतुक केलंत ते कमीच. ती बाई नुसती चाकाकडे बघते, तरी नजर हलत नाही. सुगराबीची ओढणी भिजली. इथे रिळं सरळ लागली होती. पण मला तुमचा चिखलीचा क्रमच खरा वाटला.

तेरावं झालं त्याच आठवड्यात वेल खाली लोंबायला लागले. मामंजी एकटेच बांधत होते, बांधलेली गाठ सुटत होती. मी बांधावर उभी. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "सूनबाई, चपला काढ अन् आत ये." मळ्यात अनवाणीच शिरायचं असतं ना! गावानं तोंडसुख घेतलं, मामंजींनी कान दिला नाही. तेव्हापासून मळा मीच पाहते. दादा रागावतील म्हणून कळवलं नव्हतं.

रडू आलं ते मागल्या महिन्यात. एका वेलाला आमच्या ह्यांनी जाण्याआधी बांधलेली गाठ सापडली. वेल जाड झाला होता, गाठ काचत होती. सोडावीच लागली. सोडली, आणि तिथेच मातीत बसून पोटभर रडले. आता दादांनी काळजी करू नये.

त्यांनी जरूर यावं, पण मला न्यायला नको. पानं न्यायला यावं.

लेकरावर ठेवता तशीच मर्जी राहू द्या.
कोकिळा


चिखली, ता. २ फेब्रुवारी १९४१

प्रिय कोकिळावन्सं, आशीर्वाद.

पानांची करंडी घेऊन हे सुखरूप पोचले. वाटेत भेटेल त्याला तुमच्या मळ्याचं वर्णन करत आले, असं त्यांच्याच तोंडून कळलं. मागल्या खोलीत आता मी पापड वाळवते.

एक सांगायचं राहिलं. महादेवराव आणि हे एका पानाचे दोन विडे करून खात, ते तुम्ही पाहिलंय. महादेवराव गेले तेव्हा सगळं ह्यांनी उरकलं. डोळ्यांत टिपूस नव्हतं. पान मात्र तेव्हापासून सोडलेलं. काल जेवण झाल्यावर मला विडा लावायला सांगितला. "कोकीच्या हातचं पान हाय," एवढं म्हणाले आणि विडा हातातच राहिला. मग ओसरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, लहान पोरासारखे रडले.

या वेळी मी सदरा धरला नाही.

तुमची वहिनी