पौषातला आंबा

मी, सीता परशुराम घाडी, वय ७८, राहणार कुणकेश्वर, तालुका देवगड. माझे डोके आणि नाक दोन्ही ठिकाणावर आहेत. कोणाच्या दडपणाखाली न येता, पुतण्या देवेश घरी नाही अशी खात्री करून, माझ्या पश्चात काय करावे ते सांगून लिहवून घेत आहे.

१. राहते घर देवेशला द्यावे. ते त्याच्या आजोबांनी बांधले. त्याचा हक्क मी बुडवत नाही.

२. माझ्या नावावरची आंब्याची बाग त्याला देऊ नये. गेल्या पौषात तो पिवळ्याधमक आंब्यांची पेटी घेऊन आला. आमच्या कलमांना तेव्हा जेमतेम मोहोर होता. ज्या दिवसांत जे येते तेच मी जन्मभर खाल्ले. आंबा नाकाला लावला, तर वासच नाही.

“काकी, खाऊन बघ. साखर आसा.”

“आधी तू खा.”

“माका मधुमेह आसा.”

हाच देवेश वैशाखात रसाच्या वाट्यांवर वाट्या रिचवतो. शिवाय नुकताच तो बागेच्या कागदावर माझी सही मागून गेला होता.

दुपारी त्याची बायको दीपिका मागल्या दाराने आली. “काकीनू, ह्यो आंबो खाव नकात. कार्बाइडची पुडी घालून पिकवलेलो आसा. माझा नाव ह्येंका सांगा नकात.” पेटी उचलून तिने परसात पुरली.

३. बाग दीपिकेला द्यावी. संशय मला तिचाही होता. नवऱ्याला माझ्या नजरेतून उतरवून बाग लाटायचा डाव असेल, असे वाटले. आषाढात तिने टाकळ्याची भाजी आणली, तेव्हा पहिला घास मी तिलाच घ्यायला लावला. तिने खाल्ला आणि पदराने डोळे टिपले.

“आता माझोय संशय, काकीनू?”

मी ती भाजी भाकरीबरोबर सगळी संपवली.

अट एवढीच, की आंबा झाडावर तयार झाल्याशिवाय उतरवू नये आणि गवताच्या आढीतच पिकवावा. देवेशने वैशाखात बागेत बसून हवे तेवढे आंबे खावेत. पेटी नेऊ देऊ नये.

४. हा कागद साक्षीदार चंदन वाळके यांच्याकडे राहील. दीपिकेला यातले अक्षरही कळू देऊ नये. बाग मिळणार हे तिला कळले, तर तिने आणलेली प्रत्येक भाजी मला पुन्हा तिलाच आधी खायला लावावी लागेल. पुढच्या पावसाळ्यात मला ती सुखाने खायची आहे.

वाचून दाखवले, ऐकले, बरोबर आहे.

सही : सीता परशुराम घाडी

साक्षीदार :
१. चंदन सत्यवान वाळके
२. नुरुद्दीन दाऊद सोलकर

कुणकेश्वर, १८ नोव्हेंबर २०२४