मधलं आणि बाजूचं

३ मार्च, मंगळवार

भावोजी पेन ड्राइव्ह ठेवून गेले. भावोजी म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा. सिनेमावाल्यांचे आवाज टिपतात, म्हणून घरात त्यांना कुणी टाकून बोलत नाही. मी बोलते.

परवा त्यांनी आमच्या गाण्याच्या मंडळाचं गाणं टिपलं. मेळाव्याला पाठवायचंय, वीस तारखेच्या आत. ऐकून आवडलं तर स्टेजवर बोलावतात. आजवर एकदाही बोलावलेलं नाही. पण आजवर मी मागच्या ओळीत होते. यंदा मधोमध, पुढे. मास्तरीणबाईंनी स्वतः उभं केलं. मंडळ त्याच चालवतात. शाळेतून रिटायर झाल्या, बोट उगारणं काही रिटायर झालं नाही. मला मधे का, तर आवाज खणखणीत म्हणून. मंडळातली नर्सबाई सगळ्यांना सांगत होती, हिला कडेला ठेवलं की त्या कडेच्या बाया बहिऱ्या होतात म्हणून मधे ठेवलीय. जळते.

आयुष्यात मला कुणी मधे उभं केलेलं नाही. घरात ओट्याशी, लॉन्ड्रीत काउंटरमागे. आता उभी राहिलेय तर हलणार नाही.

भावोजींनी दोन माइक आणले होते, एकावर एक बसवलेले. वरच्याचं तोंड आमच्याकडे. खालच्याचं दोन्ही बाजूंच्या भिंतींकडे. एवढ्या बायका नटूनथटून समोर उभ्या आणि माइक भिंतींना कान लावून. मी विचारलं, भिंती गाणार आहेत का. ते म्हणाले, ताई, एक मधलं ऐकतो, दुसरा बाजूचं, मागाहून दोन्ही जुळवायचे असतात. हे अजून कच्चं आहे. मी अठराला परत येतो आणि करून देतो. तोवर हात लावू नका.

ओले कपडे इतके दिवस बादलीत ठेवले तर काय होतं ते लॉन्ड्रीवालीला सांगा म्हणावं. वास मारतो.

ठरवलं: मीच करणार. रविवारच्या आत.

४ मार्च, बुधवार. दुपार, दुकानात गिऱ्हाईक नाही

मुलीचा लॅपटॉप घेतला. हेडफोन लावले.

डाव्या कानात वरचा माइक येतो, त्यातलं गाणं ठीक आहे. सपाट, पण ठीक. मी नीट ऐकू येते. उजव्या कानात खालचा, भिंतींकडचा. त्यात काय आहे ते लिहायलाही किळस येते. पिंपात तोंड घालून गायल्यासारखं. हॉलच्या पंख्याची घरघर, कुणाचा तरी खोकला. नर्सबाई आणि तिची टोळी माइक गिळून बसल्यात. आणि मी नाही. परत लावलं. नाहीच. अगदी जीव कानात आणून ऐकलं तर पलीकडच्या इमारतीत कुणी भांडत असावं तशी येते.

हे मुद्दाम केलंय. लग्नात मी भावोजींचा कोट मळका आहे असं म्हटलं होतं. तो मळकाच होता.

संध्याकाळी मुलीने कुठलासा व्हिडिओ बघितला आणि मला शिकवायला बसली. म्हणे बाजूचा माइक समोरचं ऐकतच नाही, डावीउजवीकडचं तेवढं ऐकतो, आणि तू बरोब्बर समोर होतीस. मी म्हटलं, म्हणजे चूक माझी. ती म्हणाली, चूक कुणाचीच नाही गं, ते तसंच असतं. डाग न निघालेला शर्ट परत देताना मीही हेच सांगते. मला नको सांगू.

५ मार्च, गुरुवार

कृती सोपी आहे. मधलं मधे ठेवायचं. बाजूच्याच्या दोन प्रती करायच्या. एक सुलटी, ती डाव्या कानाला. दुसरी उलटी करून उजव्या कानाला. तिन्ही एकदम वाजवले की बंद खोलीची खिडकी उघडते म्हणे. मुलगी समजावत होती, उलटी म्हणजे काय ते. मी म्हटलं, लोकांच्या पँटी उलट्या करण्यात हयात गेली माझी.

दोन प्रती केल्या. एक उलटी केली. वाजवलं.

बाजूचं साफ गेलं. पंखा गेला, खोकला गेला, नर्सबाईचं किंचाळणं बरंचसं गेलं. उरलं ते स्वच्छ, पुढे मी. हे सॉफ्टवेअर शहाणं आहे. घाण कुठली ते त्याला न सांगता कळलं. नवऱ्याला सांगितलं, झालं काम. तो म्हणाला, बरं.

मग मुलगी आली आणि कपाळाला हात लावला. म्हणे दोन्ही प्रती तू मधेच ठेवल्यास, टोकांना पाठवल्याच नाहीस. सुलटी आणि उलटी एका जागी आल्या की एकमेकींना खातात. मी म्हटलं, खाऊ देत की, आपलं काय जातं. तिने ऐकलं नाही. एक डावीकडे ओढली, एक उजवीकडे. सगळी घाण परत.

७ मार्च, शनिवार

आज इक्वलायझर. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. दांडी वर केली की वाढतो, खाली केली की घटतो. यासाठी लोक शिकायला जातात म्हणे.

बेत: मी वर, नर्सबाई खाली.

अडचण: आम्हा दोघींचा आवाज एकाच मजल्यावर राहतो. तिला खाली ढकललं की मीही जिना उतरते. ज्याने हे बनवलं त्याच्या घरात बायका नसणार.

शेवटी सगळ्याच दांड्या वर केल्या. लाल दिवा लागला. बरं वाटलं. इस्त्रीलाही लागतो. लाल दिसला म्हणजे तापतंय, काम चालू आहे. चांगलं तापू दिलं. नवरा आतून म्हणाला, पत्र्यावर खडी कोण ओततंय? त्याच्याशी आजपासून बोलायचं नाही.

मुलगी म्हणाली, लाल म्हणजे आवाज फाटतोय, सगळं खाली घे. घेतलं. एवढ्यासाठी लाल कशाला ठेवायचा? लोकांना फसवायचे धंदे.

एक नोंद. नुसतं मधलं लावून ऐकलं तर तिसऱ्या ओळीत सूर घसरल्यासारखा वाटतो. वरचा माइक भावोजींनी घट्ट बसवला नसणार.

८ मार्च, रविवार

सराव. मी मास्तरीणबाईंना सांगून टाकलं की गाण्याचं काम माझ्याकडे आहे, पुढच्या रविवारी ऐकवते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. नर्सबाई म्हणाली, अहो ताई, भावोजी अठराला येतायत ना, कशाला जिवाला त्रास? मी म्हटलं, मला त्रास नाही, तुम्हाला होतोय. ती म्हणाली, मला कशाला होईल, मी आपली कडेला असते. आणि हसली. त्या हसण्याने माझं जेवण गेलं.

ठरवलं: आता हे करूनच दाखवणार.

११ मार्च, बुधवार

मुलीने जुळवून दिलेलं आज शांतपणे ऐकलं. मान्य करते, हॉल उघडला. डावीकडे नर्सबाई, उजवीकडे पोस्टातली आणि तिच्या दोघी, मागे भिंतीवरून येणारा आवाजही. डोळे मिटले की कोण कुठे उभं आहे ते कळतं.

मी मधे. तेवढीच. एका माणसाएवढी. आधी मी दोन्ही कानांत भरून होते. आता दोन कपाटांच्या फटीत अडकलेल्या झाडूसारखी उभी आहे. शिसारी आली. मुलीला विचारलं, माझी जागा कमी का झाली? ती म्हणाली, कमी नाही झाली, बाकीच्यांना मिळाली.

हेडफोन कानात असल्यामुळे एका साहेबाची कॉलर जळली. साहेब खूप बोलले. ऐकू आलं नाही. हेडफोनचा पहिला फायदा.

१३ मार्च, शुक्रवार

आता कुणाची मदत नको. मुलीला लॅपटॉपला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. ती म्हणाली, आई, तो माझाच आहे.

मी माझ्या पद्धतीने करणार. लॉन्ड्रीचा नियम: साफ कपडा आधी घडी घालून बाजूला. मळका वेगळा भिजवायचा. एका टबात दोन्ही घातले तर दोन्ही वाया. मधलं साफ आहे, म्हणून ते बंद करून ठेवलं. बाजूच्या दोन्ही प्रती धुवायला घेतल्या. जाड बाजूची दांडी खाली, पंखा गेला. खोकला शोधून कापला. कर्कश जागा हळूहळू खाली घेत गेले, अगदी नाजूक कापड हाताळतात तशी. दुपारभर बसले. नर्सबाईला एवढं बारीक ऐकायची वेळ कुणावर येऊ नये. पण काम चोख झालं. हॉटेलच्या चादरी न्यायला गाडी आली आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला, म्हणून गाणं तेवढ्यात साठवलं, पेन ड्राइव्हवर घातलं आणि उठले.

भावोजींना जे जमलं नसतं ते एका दुपारी केलं.

१५ मार्च, रविवार

हॉलमध्ये दोन्ही स्पीकर लावले. सगळ्या खुर्च्यांवर बसल्या. मी उभी राहिले, हात मागे बांधून. गाणं सुरू झालं.

पहिली ओळ गेली. मी कुठे आहे?

दुसरी ओळ. नाही. मग लक्षात आलं. घडी घालून ठेवलेलं परत काढलंच नव्हतं. मधलं बंदच. स्पीकरमधून नुसतं बाजूचं चाललं होतं, धुतलेलं.

बंद करायला हात पुढे केला तर मास्तरीणबाईंनी बोट उगारलं. हात परत मागे बांधले. संपेपर्यंत कुणी हललं नाही. पोस्टातली डोळे पुसत होती. मास्तरीणबाई म्हणाल्या, इतकी वर्षं हे मंडळ चालवतेय, आज पहिल्यांदा मला सगळ्याजणी एकत्र ऐकू आल्या. मग नर्सबाई उठली. मला वाटलं आता टोमणा. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, ताई, मी तुम्हाला काय काय बोलले. तुम्ही स्वतःचा आवाज काढून आम्हाला पुढे केलंत. माझ्याने नसतं झालं.

सांगणारच होते. तोंड उघडलंही होतं. पण सगळ्या टाळ्या वाजवायला लागल्या. टाळ्यांमध्ये बोलणं शोभत नाही.

म्हटलं, त्यात काय एवढं.

१६ मार्च, सोमवार

मास्तरीणबाईंनी काल ठेवून घेतलेलं गाणं सकाळीच पाठवून दिलं. मी दुपारी मधलं चालू करून, नीट जुळवून त्यांच्याकडे घेऊन जाणार होते. एवढी घाई कशाला केली?

दुकानात मंडळातल्या दोघी मुद्दाम भेटायला आल्या. मोठं मन, म्हणाल्या. आता नाही म्हटलं तर खोटं वाटेल.

१८ मार्च, बुधवार

भावोजी आले. लॅपटॉप उघडला, क्षणभर बघितलं, हेडफोन काढले. ताई, यात मधलंच नाही. मी म्हटलं, हो, मीच काढलं. ते म्हणाले, का? मी म्हटलं, बाकीच्यांना जागा मिळावी म्हणून. त्यांनी हेडफोन परत लावून पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, असं कुणी करत नाही, नुसतं बाजूचं पोकळ येतं. पण तुम्ही दांड्या मात्र जपून फिरवल्यात.

म्हटलं, तुमच्या धंद्यातलं कळायला काय अक्कल लागते? ते हसले. धाकटी स्वयंपाकघरातून ओरडली, काय झालं गं? काही नाही म्हटलं. भावोजीही काही नाही म्हणाले. माणूस वाटला तेवढा वाईट नाही. कोट अजून मळकाच आहे.

आपल्याला थोडीच बोलावणार आहेत म्हणा. पोकळ आहे. परत आलं की पुढच्या वेळी मधलं घालून पाठवू आणि मग बघा.

२७ मार्च, शुक्रवार

बोलावलं.

मास्तरीणबाई स्वतः दुकानात आल्या. मेळाव्याच्या लोकांचा फोन आला होता. आवाजांचा असा मेळ क्वचित ऐकायला मिळतो, म्हणाले. एकच विनंती: पाठवलंय तसंच गा, काही बदलू नका.

मी म्हटलं, हो, का बदलायचं? त्या म्हणाल्या, मग तुमचं कसं करायचं? मी कुणाच्या तरी शर्टाची बाही परत परत इस्त्री करत होते. त्या म्हणाल्या, स्टेजवरचा आवाज सांभाळायला आपलं माणूस हवंच. तुमच्यासारखा कान मंडळात कुणाचा नाही. तो गाण्यात कशाला वाया घालवायचा?

मीही तेच म्हणणार होते. मुळात माझा कल त्याच बाजूला आहे. हे मी ठरवलेलं आहे, कुणी मला सांगितलेलं नाही.

नवऱ्याशी बोलायला लागले. कुणाशी तरी बोलायला हवं.

२९ मार्च, रविवार

सराव. मी हॉलच्या मागच्या टोकाला, टेबलाशी. लॅपटॉप, हेडफोन, भावोजींचे माइक. मधोमध नर्सबाई. तिला जागेवर उभं राहायचंही नीट कळत नाही, पाय सारखे हलवते.

मंडळाने गाणं म्हटलं. मी मधलं ऐकलं, बाजूचं ऐकलं, दोन्ही जुळवून ऐकलं. तिसरी ओळ, ती घसरणारी, परत परत ऐकली. एकेक दांडी वरखाली करून बघितली.

काढण्यासारखं काही सापडलं नाही.