नळीखाली बोलू नये

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. (आत्ताच जहाज हललं आणि मी खरोखरच आडवी झाले, तेव्हा हा नमस्कार नुसता कागदावरचा समजू नकोस.) तुझे गुडघे कसे आहेत? आईची दुपारची झोप आणि तुझ्यावरची देखरेख, दोन्ही व्यवस्थित चालू असेलच. मी मजेत. तिसरा स्वेटर चढवल्यापासून हात खाली येत नाहीत, एवढंच.

इथे बर्फाळ समुद्र हवेतला कार्बन डायऑक्साइड किती पितो ते मोजतात. थंड पाण्यात वायू जास्त मावतो. गार सोड्याची बाटली शांत असते आणि उन्हातली उघडली की फसफसून अंगावर येते, तसंच. शिवाय हे गार, जड पाणी वायूसकट तळाशी जातं आणि शेकडो वर्षं चकार शब्द काढत नाही. (मला तुझीच आठवण झाली.) माझं काम पाण्याचे नमुने बाटल्यांत भरायचं, तेही श्वास रोखून, कारण आपल्या श्वासातही तोच वायू. दिवसभर तोंड बंद! माझं! म्हणून संध्याकाळी पुढच्या डेकवर एका नळीखाली, वाऱ्याच्या आडोशाला बसून मी एकटीच मनसोक्त बोलून घ्यायचे.

तर झालं काय, आमचे प्रमुख (पाठीमागे सगळे त्यांना थर्मामीटर म्हणतात) भलतेच खुशीत आले. आलेखात रोज संध्याकाळी हवेतला वायू उसळी मारायचा आणि हवेत जास्त म्हणजे पाण्यात शिरणारही जास्त, या हिशेबाने समुद्र दुपटीने गिळत होता. मोठा शोध लागला म्हणून त्यांनी दाढीसुद्धा केली. मग खात्रीसाठी नळी तपासायला आले, तर खाली मी, हातवारे करत. ती नळी यंत्राकडे हवा नेणारी निघाली! "अहो बाई, हा समुद्र नाही, तुम्ही आहात!" म्हणाले आणि मटकन खाली बसले. थोड्या वेळाने हळूच विचारलं, "रोज एवढं कुणाशी बोलता?"

म्हटलं, "ताईशी."

बाकी सगळं ठीक.

तुझी,
धाकटी

ता. क. नळीखाली तुझ्याशी मी रोज काय बोलायचे, ते सांगायचं राहिलंच. पुढच्या महिन्यात आईला मी माझ्याकडे न्यायचं आणि तू एकदाची लेकीकडे जायचं, असं ठरलंय. पण थर्मामीटरनी (एवढं होऊनही) मला पुढच्या फेरीला येता का विचारलंय. आणि ताई, मला जायचंय. एखादं काम इतकं आवडलं, असं पहिल्यांदाच होतंय. तू नाही म्हणालीस तर घरी येईन, तोंड न फुगवता.

ता. क. २. आईला फोनवर सांगून टाकलं. म्हणाली, "तू खुशाल जा. मी ताईबरोबर नातीकडे जाते. मला कुणी विचारलंच नाही!" म्हणजे तुझी सुट्टी गेली, हे मला कळतं. म्हणून एकच मागणं आहे. नेहमीसारखं गिळून तळाशी नेऊ नकोस. चांगली फसफसून अंगावर ये. मी नळीपासून लांब उभी राहून सगळं ऐकून घेईन.