केराबाईंच्या कट्ट्यावर पोती ठेवू नयेत

मी, शिवयोगी संगप्पा बिराजदार, वय पंचवीस, धंदा आर्किटेक्ट, राहणार सोलापूर, आज पूर्ण शुद्धीत आहे. उद्या सकाळी भूल देईपर्यंत तरी राहीन. हर्नियाचं ऑपरेशन आहे. वडील, म्हणजे अप्पा, म्हणतात, "हर्नियाला कोण मृत्युपत्र करतं रे?" मी करतो. शिक्षण इंग्लिश मीडियमचं झालंय, तेव्हा भाषा चुकली तरी इच्छा बरोबर धरावी.

माझी सायकल चुलतभाऊ रावजीला द्यावी. त्यानं मी बांधलेल्या खोलीला "शिवयोगीची मोरी" असं नाव ठेवलं, म्हणून घंटी काढून द्यावी. ड्रॉइंग बोर्ड बहीण अक्कम्माला. आमच्या आईच्या, अव्वेच्या हाती लागू देऊ नये, ती त्यावर पापड लाटते.

आता खोली. उद्या ऑपरेशन आहे त्याच दवाखान्यामागची जागा आजीनं माझ्या नावावर केली, तिथं मी पेशंटच्या नातेवाइकांसाठी छोटी खोली बांधली. जाड दगडी भिंती, वर माळवद, छताला उजेडापुरता झरोका. घरचं माणूस आजारी असताना दोन घटका गप्प बसायला जागा पाहिजे, एवढीच कल्पना. कॉलेजात शिकलो तसं कोपऱ्यात एकाच माणसापुरतं दगडी आसन केलं, वरून त्यावर उजेड. लई खूश होतो.

पहिल्या आल्या मंगळवेढ्याकडच्या केराबाई. नवरा बिरप्पा दवाखान्यात, मेंढरं दिराकडं. आसन बघून त्या दारातच थांबल्या.

"हितं एकटीनंच बसायचं?"

"हो. शांतपणे."

"कोपऱ्यात? आरं लेकरा, नवरा जित्ता हाय की माजा!"

त्यांच्याकडं नवरा गेल्यावर बाईला असं कोपऱ्यात बसवतात, हे मला ठाऊकच नव्हतं. आसन लगेच काढलं आणि भिंतीकडेनं सगळीकडून कट्टा केला. घाईत दगड मीच उचलायला गेलो, त्याचाच हा हर्निया. मग केराबाई जावा-नणंदांसकट बसल्या, भाकरी सोडल्या, डॉक्टरला शिव्या दिल्या, आणि खाऊन झाल्यावर सगळ्या आपोआप गप्प झाल्या. तसली शांतता मला ड्रॉइंगमध्ये कधी जमली नव्हती. बिरप्पा बरे झाले.

ही खोली मी अव्वेला, म्हणजे दानम्मा संगप्पा बिराजदार यांना देतो. दार बसवायचं नाही, पाटी लावायची नाही, आणि अप्पांनी सुगीत तिथं ज्वारीची पोती ठेवायची नाहीत. अप्पांची आडत आहे, गोदाम भरलंय, आणि डोळा कुठं आहे ते मला दिसतं. खोलीत मात्र ते अजून एकदाही बसलेले नाहीत. उद्या ऑपरेशन होईपर्यंत त्यांनी अव्वेजवळ कट्ट्यावर बसावं. मी शुद्धीवर आलो तर बाकी सगळं रद्द, पोत्यांचं कलम कायम.

सोलापूर, ९ फेब्रुवारी १९७४
शिवयोगी सं. बिराजदार

साक्षीदार:
१. केराबाई बिरप्पा कोळेकर, अंगठा. नवऱ्याला डॉक्टरला परत दाखवायला आल्या होत्या; चहा घेतल्याशिवाय अंगठा दिला नाही.
२. संगप्पा बिराजदार. आत बसून सही केली. कट्टा गार आहे, उद्या येताना आम्हा दोघांना घोंगडं आणतो. पोती रावजीकडं टाकतो.