वाढपी सहा, पळी एक

सोमवार, ११ ऑगस्ट
गुरुवारी सुनेची, अक्षराची, नोकरीची परीक्षा. कंपनी पुण्याची — लागली की ती गेलीच. माझ्या लेकाला, अमरेशला, जाऊन दोन वर्षं झाली. घरात आम्ही दोघीच. आज पूजेला इष्टलिंग हातात होतं अन् मनात आलं — जमू नये तिला. विभूती लावून असलं मागणं! महादेवा, माफ कर.

मंगळवार, १२
तिनं प्रोग्राम केलाय. एकीनं निरोप लिहिला की लॅपटॉपातला सर्व्हर जोडलेल्या सगळ्यांना पोचवतो. परीक्षेत हाच दाखवायचा. तपासायला गल्लीतल्या सहा जणी फोन घेऊन बसवल्या. आधी झकास. मग गुरम्माबाईंच्या फोनची रेंज गेली — अन् सगळ्यांचेच फोन ठप्प!
"माझ्या फोनला बोलू नगा, लेकाच्या पहिल्या पगाराचा हाय."
शहजादीभाभी म्हणाल्या, "पगार निजामाच्या सिक्क्यात भेटला होता का?"
हसून पुरेवाट. अक्षरा तेवढी हसली नाही.

बुधवार, १३
पोर जेवेना. म्हणाली, "आत्या, प्रत्येक फोनला वेगळा थ्रेड दिलाय — वेगळा कामवाला म्हणा. तरी एक अडला की सगळे अडतात."
"त्यांच्यात सामाईक काय हाय?"
"कोण कोण जोडलंय ती यादी. एका वेळी एकानंच धरायची, म्हणून तिला कुलूप."
मला मठातली दासोहाची, अन्नदानाची, पंगत आठवली. वाढपी सहा, आमटीचं पातेलं एक, पळी एक. गंगम्मा पळी हातात धरूनच गप्पा हाणायची — अख्खी पंगत खोळंबायची! मी ओरडायचे, "आधी आपल्या बादलीत काढून घे, पळी ठेव, मग बोल हवं तेवढं!"
अक्षरानं लॅपटॉप पुढं ओढला. "म्हणजे यादीची नक्कल घ्यायची, कुलूप सोडायचं, मग निरोप वाटायचे! माझे कामवाले पळी धरूनच वाढत होते, आत्या!"
चार ओळी हलवल्या. बायकांना परत बोलावलं. गुरम्माबाईंचा फोन अडला तो अडलाच, पण बाकी पाचजणींचे निरोप पळाले! तिनं मला गच्च मिठी मारली. वाटलं, आपल्याच हातानं तिला पुण्याच्या वाटेला लावलं. लावलं तर लावलं.

गुरुवार, १४
तासभर आत लॅपटॉपवर परीक्षावाल्यांशी बोलत होती. मी दाराबाहेर जप करीत. पंखा बंद ठेवला, तिच्या लॅपटॉपला वीज पुरावी म्हणून.

सोमवार, १८
लागली! देवापुढे साखर ठेवली. डोळे पुसून म्हणाले, "माळ्यावरची बॅग काढते."
"कशाला? काम घरूनच हाय, आत्या."

मंगळवार, १९
देवणीच्या विहीणबाईंचा, अक्षराच्या आईचा, फोन. बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं — चैत्रातच अक्षराला हैदराबादची मोठी नोकरी लागली होती. "आत्या एकट्या पडतील" म्हणून तिनं नकार कळवला. मला एका शब्दानं बोलली नाही. आत भाकरी थापतेय. मला उठून तिच्यासमोर जाववेना.